तिठ्यावर टाकलेला सुतेझो

कारेझावा गावात सुतेझोचा किस्सा ठाऊक नाही असा माणूस नव्हता. कापणी उरकली, देवळातला उत्सव आला, साकेचे तीन-तीन पेले पोटात गेले की कोणीतरी मांडीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "ए, तोफूवाल्याची गोष्ट काढा रे!" मग गोष्ट निघायची, लोक पोट धरून हसायचे, आणि कोपऱ्यात बसलेला सुतेझोही हसायचा. जाणत्या वयापासून तो असाच हसत आला होता. हसला नसता तर लोक म्हणाले असते, म्हातारा मनाला लावून घेतो.

गोष्ट अशी. सुतेझो जन्मला तेव्हा त्याचा बाप काम्बेई बेचाळिसाव्या वर्षात होता. पुरुषाचं ते वर्ष वाईटच, आणि त्या वर्षात मूल झालं तर ते बापाच्या मुळावर येतं, असं सगळा डोंगरपट्टा मानायचा. यावर तोडगा एकच, मूल टाकायचं. आईनं सकाळी ते तिठ्यावर नेऊन ठेवायचं आणि मागे न बघता घरी यायचं. मग आधी सांगून ठेवलेला माणूस आपलं सूप आणि केरसुणी घेऊन तिथं येतो, केर भरावा तसं पोर सुपात ओढून घेतो आणि त्याच घराच्या दारात जाऊन म्हणतो, "वाटेत पोर सापडलं. सांभाळाल का?" घरचे म्हणतात, "सांभाळू की." झालं. पोर आता बापाचं राहिलं नाही, वाटेवरचं झालं. उचलणारा त्याचा जन्मभराचा मानलेला बाप. दर नव्या वर्षाला पोरानं तांदळाच्या वड्या घेऊन त्याच्या दारी जायचं, आणि तो गेला की त्याच्या मयताला पोटच्या पोरांच्या ओळीत बसायचं. मोठी अट ही की ठेवल्यापासून उचलेपर्यंत घरचं कोणी तिथं असता कामा नये. घरचं माणूस जवळ असलं तर ते टाकणं कसलं?

सुतेझोला उचलायला योसोबेई तोफूवाला ठरला होता. चांगला सहा पोरांचा बाप, भरल्या घरचा माणूस. त्यानं याआधी दोन पोरं उचलली होती, दोन्ही पुलाजवळच्या खालच्या तिठ्यावर. म्हणून हा पठ्ठ्या त्या दिवशीही खालच्याच तिठ्यावर जाऊन बसला. पोर होतं वरच्या तिठ्यावर, पोराबाळांना राखणाऱ्या जिझो देवाच्या दगडी मूर्तीपाशी. धड पाऊस नाही, धड बर्फ नाही, असा गिचगिचीत मारा वरून चाललेला. तोफूवाला खाली चिलीम ओढत वाट बघतोय, पोर वर कोकलतंय, आणि घरची माणसं दारं लावून आत, कारण बाहेर डोकावायची सोय नाही. असे दोन तास गेले. शेवटी योसोबेई वैतागून सरळ घरी आला आणि दारातून ओरडला, "अहो, पोरगं टाकणार आहात की नाही? तिकडे माझा तोफू नासतोय!"

इथं हशा व्हायचा. हशा ओसरला की कोणीतरी सुतेझोच्या पाठीत धपाटा घालून म्हणायचं, "टाकायलाही धड जमला नाही आणि उचलायलाही!" मग पुन्हा हशा.

अशा पोराच्या नावात 'सुते' घालायची रीत. सुते म्हणजे टाकणं. आपल्याकडे पोरं जगत नसली की दगडू ठेवतात, धोंडू ठेवतात, त्यातलाच प्रकार. त्याला बापानं पुढे 'झो' लावलं, म्हणजे कोठार. टाकलेल्या पोराच्या डोक्यावर निदान छप्पर असू दे, एवढाच विचार असावा. एके काळी या खोऱ्यात असे तिघे होते. सुतेकिची नावाडी, सुतेमात्सु सुतार, आणि हा सूपवाला सुतेझो. लांबून कोणी "सुते!" म्हणून हाक मारली की तिघंही वळायचे, आणि मग एकमेकांकडे बघून ओशाळं हसायचे. नावाडी गेला, सुतार गेला. आता असली नावं कोण ठेवतो? तोक्योत ऑलिंपिक होऊनही तीन वर्षं झाली होती. तालुक्याच्या कचेरीतला नवा कारकून सुतेझोचा कागद हातात घेऊन नावावर अडायचा, मान वर करून बघायचा आणि पुन्हा कागदात तोंड घालायचा. सुतेझोलाच त्याची दया यायची. "बरोबर आहे हो," तो म्हणायचा, "टाकलेलाच."

पण नावाचं दुखणं त्याला नव्हतं. दुखणं वेगळं होतं.

सुतेझो पाऊल टाकायला लागला त्या साली काम्बेई तापानं गेला. गावानं एका तोंडानं सांगितलं की टाकणं लागू पडलं नाही. वरच्या दोन बहिणी लग्न होऊन गेल्या, आणि घरात आई आणि तो राहिले. आईचं नाव साई. तिनं त्याला उपाशी ठेवलं नाही, फाटकं घालू दिलं नाही, कधी हात उगारला नाही. पण ती त्याच्याकडे बघायची नाही. बोलायची ती चुलीकडे तोंड करून. "जेवलास का?" चुलीला. "पायात गवताचे जोडे घाल, बर्फ आहे," पाण्याच्या रांजणाला. लोकांच्या आया पोराचं तोंड धरून शेंबूड पुसतात, साई फडकं मागे धरायची आणि म्हणायची, "पूस." आई म्हटलं की सुतेझोला पाठ आठवायची, निळ्या सुती कापडाची, मधोमध ठिगळ लावलेली. ती मरायला टेकली तेव्हाही भिंतीकडे तोंड करून निजली होती. त्यानं मनाशी पक्कं धरलं होतं की आईनं आपल्याला त्या दिवशी जे टाकलं, ते परत घेतलंच नाही. बाप गेला तो आपल्यापायी, आणि आई ते विसरली नाही. त्यानं तिला दोष दिला नाही, पण ते त्याला आयुष्यभर सलत राहिलं.

पुढे लग्न झालं. बायको इतो शेजारच्या खोऱ्यातली, गोड स्वभावाची. तिनं एकदाही त्याला नावानं हाक मारली नाही. "अहो" म्हणायची, फार लाडात आली तर "अहो, ऐकलं का". मूलबाळ झालं नाही, आणि नऊ वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्यानं ती गेली. योसोबेई होता तोवर नव्या वर्षाला जायला एक दार तरी होतं. म्हातारा दर वर्षी न चुकता म्हणायचा, "उशीर झाला रे बाबा, माफ कर," आणि खो खो हसायचा. तो गेला, त्याची पोरं तोक्योला कारखान्यात लागली, तोफूचं दुकान बंद झालं. आता नव्या वर्षाच्या सकाळी सुतेझो वड्या भाजायचा, दोन स्वतः खायचा आणि एक इतोच्या तसबिरीपुढे ठेवायचा. दुपारी तीही खायचा.

धंदा सुपांचा. बांबूच्या कामट्या आणि रानवेलीची साल यांची घट्ट वीण, वर लाकडाची वाकवलेली कड. त्याच्या सुपातून पाणी गळत नाही असं लोक म्हणायचे. आता मळणीची यंत्रं आली, प्लास्टिकची सुपं आली, आणि गावात उरली एकोणीस घरं. दोन वर्षांत एक सूप विकलं गेलं नव्हतं.

अशात कार्तिकाच्या सुमारास, पहिलं बर्फ पडायच्या आधी, तोमे-सान त्याच्या दारात उभी राहिली. तोमे म्हणजे वरच्या आळीतली, तोंडाची फटकळ, हाताची सढळ. तिचा मुलगा किइची बोगद्यांच्या कामावर असायचा. त्याला बेचाळिसावं लागलं होतं, आणि नेमका त्याच साली, लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर, त्याच्या बायकोनं, शिनोबूनं, मुलगा जन्माला घातला होता.

"सुतेझो-सान, आहात का घरात?" तोमे म्हणाली. "तिठ्याचं काम काढलंय. सूनबाई शहरातली, तिला हे पटत नाही, रडतेय नुसती. पण मी म्हटलं, माझा एकुलता एक मुलगा आहे, मी नाही ऐकायची. तर त्या कामाला तुमचं सूप हवं. चांगलं विणा हं, नवं."

"माझं सूप?" सुतेझो म्हणाला.

"मग आणखी कुणाचं? पुढच्या महिन्याच्या तीन तारखेला. नऊ वाजता, वरच्या तिठ्यावर."

ती गेली. कारेझावात उचलणारा आपलं सूप आपण आणतो. दुसऱ्याचं सूप घेऊन पोर उचलायला गेलेलं कोणी ऐकलं नव्हतं. ज्याला सूप मागितलं, त्यालाच उचलायला सांगितलं, हा सरळ अर्थ. त्याच्या जागी गावातला कोणीही म्हातारा असता तरी हेच समजला असता.

म्हणजे त्याला पोर मिळणार होतं! नव्या वर्षाला त्याच्या दारी कोणीतरी वड्या घेऊन येणार होतं. आधी आईच्या कडेवर, मग आईचं बोट धरून, मग एकटं, मग मिशी फुटलेलं. आणि एक दिवस त्याच्या मयताला ओळीत बसणार होतं. सुतेझोनं आत जाऊन इतोच्या तसबिरीला म्हटलं, "अगं, ऐकलंस का?"

आठ दिवस तो विणत होता. साल भिजवली, सोलली, एकसारखी नसलेली प्रत्येक पट्टी बाजूला टाकली. कड तीनदा वाकवली आणि दोनदा मोडून चुलीत घातली. पोराच्या अंगाला कुसळ लागू नये म्हणून आतली बाजू वाळूनं घासली, मग कापडानं, मग तळहातानं. संध्याकाळी पाच किलो तांदळाची पिशवी जमिनीवर ठेवायची, केरसुणीनं अलगद सुपात ओढायची, सूप उचलून आपल्याच दारात यायचं आणि म्हणायचं, "वाटेत पोर सापडलं. सांभाळाल का?" एकदा शेजारची बाई बाहेरून म्हणाली, "सुतेझो-सान, कोण आलंय?" तेव्हा तो इतका दचकला की तांदूळ सांडला.

उचलणाऱ्यानं पोराला पहिलं कापड द्यायचं असतं. सुतेझो बसनं तालुक्याला गेला. दुकानात कापूस भरलेले छोटे अंगरखे टांगले होते. त्यानं पिवळा निवडला.

"नातवाला का, आजोबा?" दुकानातल्या पोरीनं विचारलं.

"नातू असं नाही, पण तसंच काहीसं."

"बाह्या आखूड करून हव्यात तर परवा मिळेल. नाव काय लिहू?"

"सुतेझो."

पोरगी फसकन हसली आणि लगेच तोंडावर हात धरला. "माफ करा हं. कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे टाकलेला?"

"उचललेला पण आहे," सुतेझो म्हणाला. एवढं बोलून तोही हसला, आणि हे हसू उत्सवातल्या हसण्यासारखं नव्हतं. बाह्या आखूड न करताच त्यानं अंगरखा घेतला. पोर वाढणारच होतं.

दोन तारखेला दुपारी तोमे आली, साकेची मोठी बाटली कापडात गुंडाळून. सूप भिंतीला टेकून ठेवलेलं होतं. ते बघून तिच्या तोंडून "अगं बाई!" निघालं.

"हे तर देवाला ठेवण्याजोगं झालंय. किती कष्ट घेतलेत हो! कुराजी-सानच्या हातात देताना मलाच संकोच वाटेल."

"कुराजी?" सुतेझो म्हणाला.

"तोच उचलणार ना. सहा नातवंडं, दोन पणतवंडं, घर कसं भरलेलं! पण मेल्यानं आपलं सूप कधीच बंबात घातलंय. म्हणतो, यंत्र आल्यावर सूप कशाला ठेवू? म्हटलं, तू हात घेऊन ये, सुपाचं मी बघते." बोलता बोलता तिचं लक्ष सुतेझोच्या तोंडाकडे गेलं. मग चुलीजवळ घडी घालून ठेवलेल्या पिवळ्या कापडाकडे गेलं. तोमे फटकळ होती, पण मठ्ठ नव्हती. तिचा आवाज खाली आला. "सुतेझो-सान, तुम्ही... अहो, तसं नाही हो. माणूस तुमच्यासारखा मिळायचा नाही. पण उचलणाऱ्याचं घर भरलेलं लागतं. तुम्हीच सांगा, मी आजी आहे त्याची."

"छे छे! बरोबर आहे तुमचं," सुतेझो घाईघाईनं म्हणाला. "मी काही... कडेला जरा तेल लावलंय, तेवढं पुसून घ्यायला सांगा. हाताला लागेल त्याच्या."

"उद्या जेवायला या हं. नक्की."

"बघू की."

ती सूप घेऊन गेली. भिंतीजवळची जागा मोकळी दिसू लागली. सुतेझोला लाज वाटली, मरणाची लाज. पिशवीतल्या तांदळाला पोर समजून घरभर फिरलेला म्हातारा! त्यानं अंगरखा पेटीच्या तळाशी घातला आणि वर इतोचे कपडे ठेवले.

सकाळी उठला तो ठरवून, की आज डोंगरापलीकडे लाकडं आणायला जायचं आणि अंधार पडल्यावरच परतायचं. दोरी घेतली, कोयता घेतला. बाहेर तसलाच मारा चालू होता, धड पाऊस नाही, धड बर्फ नाही. रानाची वाट डावीकडे फुटते तिथं तो उजवीकडे वळला. पायांना सवय असते म्हणावं, तर वरच्या तिठ्यावर जायची त्याच्या पायांना मुळीच सवय नव्हती. तो रस्ता तो जन्मभर टाळत आला होता.

चेस्टनटच्या झाडाआडून त्यानं बघितलं. शिनोबूनं गवताची परडी जिझोपुढे ठेवली. वर मेणकापड अंथरलं, ते उडू नये म्हणून कडेला दगड ठेवले, एक दगड हलवून पुन्हा ठेवला. मग तोंडावर बाही दाबून ती पाठ फिरवून चालू लागली. मागे बघायचं नाही म्हणून मान इतकी ताठ धरली होती की वाटेतल्या खड्ड्यात तिचा पाय गेला आणि ती पडली. तशीच उठून ती गेली.

नऊ वाजले असावेत. कुराजी आला नाही. सव्वानऊ झाले. खालून, पुलाकडून, तीनचाकी गाडीच्या इंजिनाचा घुर्र घुर्र आवाज येत होता, एकाच जागी. गाडी चिखलात रुतली होती, आणि कुराजी असला माणूस की गाडी सोडून पायी येईल तर शपथ. पोर आधी कुरकुरलं, मग रडायला लागलं. मेणकापडावर पाणी साचून मध्ये झोळ पडला.

सुतेझो झाडाआडून बाहेर आला. दहा पावलांवर परडी होती. पोरानं एक मूठ बाहेर काढली होती, लाल, इवलीशी.

आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की उचललं तर ते आपलंच. रीत ती रीत. जो उचलेल तो बाप, मग सूप असो नसो, हातही चालतात. तोमेनं डोकं आपटलं तरी पुन्हा टाकता येत नाही. दहा पावलं चालायची, वाकायचं, आणि नव्या वर्षाला दारात वड्या घेऊन कोणीतरी येणार. बघायलाही कोणी नव्हतं. त्यानं कोयता खाली ठेवला, दोरी खाली ठेवली, हात आतल्या कपड्याला कोरडे पुसले.

पण तोही कारेझावाचाच होता. तोमे मानायची ते सगळं तोही मानायचा. रिकाम्या घरच्या माणसानं उचललं तर पोराच्या कपाळी रिकामं घर येतं. लाल मूठ पुन्हा हलली. हे आपलं आयुष्य त्या मुठीत द्यायचं? सकाळी उठून तसबिरीशी बोलायचं, दुपारी तिचीच वडी खायची? त्याच्यानं ते झालं नाही. आणि त्याला एकटं सोडून निघून जाणंही झालं नाही. बघत राहिलं तर हात राहणार नाहीत, म्हणून त्यानं परडीकडे पाठ केली आणि तिथंच झाडाखाली उभा राहिला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते त्यानं येऊ दिलं.

"येईल हं," तो समोरच्या भाताच्या रिकाम्या वाफ्यांना म्हणाला. "गाडी अडकलीय त्याची. येईलच आता. मी आहे इथं. बघत नाही, पण आहे."

किती वेळ गेला त्याला कळलं नाही. मान भिजली, मग पाठ भिजली. पोर मध्येच थांबायचं. त्याचा आवाज ऐकायचं की काय कोण जाणे. म्हणून तो बोलत राहिला. सूप कसं विणायचं ते सांगितलं, साल कधी काढायची ते सांगितलं.

शेवटी पावलं वाजली. "काय वैतागवाडी आहे! चाक बसलं ते निघेना, शेवटी गाडी तिथंच सोडून आलो!" कुराजी धापा टाकत आला, सूप छातीशी धरून. त्यानं केरसुणीनं पोराला सुपात ओढून घेतलं आणि मग त्याला भिजलेली पाठ दिसली. "कोण ते? सुते? तू इथं काय करतोयस?"

"लाकडाला चाललो होतो," सुतेझो न वळता म्हणाला.

"लाकडाला? या बाजूला? अरे, घरचं कोणी असलं तर चालत नाही हां!"

"मी कुठं घरचा?"

कुराजीनं क्षणभर विचार केला. "तेही खरंच. तू कोणी लागत नाहीस, मग काही बिघडत नाही," तो म्हणाला आणि सूप घेऊन तोमेच्या घराकडे निघाला. पोराचं रडणं आळीच्या वळणावर गेलं आणि थोड्या वेळानं दार उघडल्याचा, लोकांच्या हसण्याचा आवाज आला.

सुतेझो वळला, तेव्हा जिझोपाशी हात्सुताई उभी होती. वय पंच्याहत्तर, कमरेत वाकलेली. तिचं घर तिठ्यालगत. रोज सकाळी जिझोपुढचं पाणी बदलायची. लहानपणी ती सुतेझोच्या घरी पोर सांभाळायला होती, आणि गावात त्याला लहान पोरासारखं रागवणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. तिच्या हातातलं पाण्याचं भांडं कलंडलं होतं आणि तिला त्याचं भान नव्हतं.

"सुते," ती म्हणाली, "तुला कोणी सांगितलं तिथं उभं राहायला?"

"कोणी नाही, ताई. पोर एकटं होतं."

"त्याच झाडाखाली. तशीच पाठ करून." ती जिझोच्या पायरीवर बसलीच. "मला वाटलं, साई-सानच उभी आहे."

सुतेझोला कळेना. "माझी आई?"

"मी तिला शब्द दिला होता रे. मी अकरा वर्षांची होते. तुला ठेवलं आणि ती निघाली, मी तिच्या मागे. दहा पावलं गेली असेल, या झाडापाशी आली आणि थांबली. म्हटलं, मालकीणबाई, चला. तर म्हणाली, 'तू जा. मी बघत नाहीये, नुसती उभी आहे.' मी कसली जातेय, समोरच्या बांधाआड लपून बघत बसले. तो तोफूवाला मेला खाली चिलीम ओढत बसलेला! दोन तास ती अशीच, तुझ्याकडे पाठ करून. एकदाही वळली नाही. तुझ्याशी बोलत होती. थंडीनं कुडकुडत होती, तरी ओठ हलत होते. काम्बेई-सानला वाटलं, ती कोठारात रडत बसलीय. योसोबेई पळत वर आला तशी ती भाताच्या बांधावरून निघून गेली. मला म्हणाली, 'हात्सु, कुणाला सांगू नकोस. मी इथं होते हे कळलं, तर पोर टाकलंच नाही म्हणतील.'"

वरच्या आळीतून पुन्हा हसण्याचा आवाज आला. कोणीतरी गाणं सुरू केलं होतं.

"मग काम्बेई-सान गेले," हात्सुताई म्हणाली. "सुतकात मला कोपऱ्यात ओढून म्हणाली, 'माझ्यानं टाकवलं नाही म्हणून झालं हे. मी मारलं त्यांना.' त्यानंतर तिनं तुझ्याकडे कधी धड बघितलं का, तूच सांग. वाटायचं, आता बघितलं तर तूही जाशील. मी शंभरदा सांगायला आले रे तुला. पण शब्द होता, आणि ती जिवंत होती. ती गेल्यावर म्हटलं, आता उकरून काय करायचं? उत्सवात ते लोक हसायचे ना, तेव्हा मी उठून घरी जायचे."

सुतेझो चिखलात उभा होता. चौसष्ट वर्षं त्याला ज्या नावानं हाका मारल्या, ते त्याला कधी लागूच नव्हतं. त्यानं तोंड उघडलं आणि एवढंच विचारलं, "काय बोलत होती?"

"ते नाही बाबा ऐकू आलं. वारा होता." तिनं बाहीनं डोळे पुसले आणि मग त्याच्या ओल्या पाठीवर एक चापट दिली. "जा, अंग कोरडं कर. तोमेकडे जेवायला जा. बोलावलंय ना?"

"जातो. आधी एक काम आहे."

घरी येऊन त्यानं साकेची बाटली घेतली. पेटी उघडली, इतोचे कपडे बाजूला केले, पिवळा अंगरखा काढून काखेत धरला; तो नंतर शिनोबूला द्यायचा होता, कोणी न लागणाऱ्या माणसाकडून. मग तो देवळामागच्या चढानं थडग्यांकडे गेला. साईचा दगड शेवटच्या ओळीत, दरीकडे तोंड करून उभा होता. वर्षातून दोनदा तो समोर बसून नमस्कार करायचा आणि उठून यायचा. आज समोर बसला नाही. मागच्या बाजूला गेला, ओल्या गवतात बसला, आणि हळूच मागे रेलून आपली पाठ तिच्या दगडाला टेकवली.

"आई, मी आहे इथं," तो म्हणाला. "बघत नाही हं."

दगड थंड होता. त्यानं बाटलीचं बूच काढलं, थोडी साके खांद्यावरून मागे, दगडावर ओतली, आणि उरलेल्यातला एक घोट स्वतः घेतला.